जुना सॉलिड-स्टेट गिटार अ‍ॅम्प सेकंडहँड घेताय? मग पाटीवरचं नाव नंतर बघा

गिटार वाजवणाऱ्यांमध्ये काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा ट्यूब अ‍ॅम्प कायम सोवळ्यात आणि ट्रान्झिस्टरवाला, म्हणजे सॉलिड-स्टेट, अ‍ॅम्प ओसरीवर, असं गेली कित्येक वर्षं चाललंय. याचा फायदा असा की सत्तर-ऐंशीच्या दशकातले चांगले दणकट सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प अजूनही त्याच काळातल्या ट्यूब अ‍ॅम्पपेक्षा बऱ्याच कमी पैशात मिळतात. तोटा असा की स्वस्त आहे म्हणून लोक न बघता उचलतात, कुणीतरी सांगितलेलं असतं की यात ट्यूब बदलायची भानगड नाही, मेंटेनन्स शून्य, आणि मग एक दिवस स्पीकरमधून धप्प आवाज येतो आणि सगळं शांत. मेंटेनन्स शून्य हे अर्धंच खरं आहे. ट्यूब दर काही वर्षांनी बदलावी लागते हे सगळ्यांना माहीत असतं, कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टरचं वय कुणी मोजत नाही एवढाच फरक. आणि माझं मत विचाराल तर असा अ‍ॅम्प घेताना पुढच्या पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा आत कुठले पार्ट आहेत आणि ते आज मिळतात का, हे जास्त महत्त्वाचं.

आत काय चालतं ते आधी थोडक्यात. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या चुंबकाच्या गुंडाळीतून, येणारा सिग्नल अगदी बारीक असतो, साधारण व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास. प्रीअ‍ॅम्प तो मोठा करतो, बास-मिडल-ट्रेबल तिथेच होतं. पॉवर अ‍ॅम्प त्याला स्पीकर हलवण्याइतका करंट देतो. आणि या दोघांना पोसायला पॉवर सप्लाय, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि दोन जाडजूड फिल्टर कपॅसिटर. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्यूब आणि स्पीकर यांच्या मध्ये एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, ट्रान्सफॉर्मरमधून डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, पलीकडे जात नाही, त्यामुळे ट्यूब मेली तरी स्पीकर सहसा वाचतो. सॉलिड-स्टेटमध्ये हा ट्रान्सफॉर्मर बहुतेक वेळा नसतोच, आउटपुट ट्रान्झिस्टर थेट स्पीकरला जोडलेले. साठच्या दशकातल्या काही डिझाइनमध्ये मध्ये एक मोठा कपॅसिटर असायचा, तो डीसी अडवायचा, पण नंतरच्या बहुतेकांत तोही गेला.

हे एवढं का सांगतोय ते एका गणितात कळेल. ८ ओहमच्या स्पीकरवर १०० वॅट काढायचे तर सिग्नलचं टोक ४० व्होल्टपर्यंत जावं लागतं, म्हणून आतल्या सप्लायच्या दोन बाजू साधारण अधिक ४५ आणि वजा ४५ व्होल्टच्या ठेवतात. आउटपुट ट्रान्झिस्टर मरतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच मरतो, मग ते ४५ व्होल्ट डीसी सरळ स्पीकरच्या व्हॉइस कॉइलवर, म्हणजे स्पीकरचा कागदी पडदा (कोन) हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीवर. कॉइलचा रेझिस्टन्स साडेसहा ओहम धरा, म्हणजे ३०० वॅटच्या वर नुसती उष्णता, आवाज काही नाही, कोन एका बाजूला जाऊन अडकतो आणि फ्यूज वेळेत उडाला नाही तर कॉइल जळते. काही अ‍ॅम्पमध्ये यासाठी प्रोटेक्शन रिले असतो, जुन्यांत बऱ्याचदा नसतो. म्हणून या अ‍ॅम्पांची बिघडायची तऱ्हाच वेगळी, ट्यूबसारखं हळूहळू म्हातारं होणं कमी आणि एकदम आडवं होणं जास्त. आणि जाताना स्पीकरही घेऊन जातात.

आता बदनामी कुठून आली तेही बघू, कारण त्यात थोडं तथ्य आहे. पहिल्या पिढीचे ट्रान्झिस्टर, खास करून जर्मेनियमचे, उष्णतेला फार नाजूक. तापला की जास्त करंट, जास्त करंट की अजून तापणार, असं करत स्वतःलाच संपवायचे. फेंडरने १९६६ मध्ये सॉलिड-स्टेट रेंज काढली ती तापण्याच्या आणि भरवशाच्या तक्रारींमुळे काही वर्षांतच गुंडाळावी लागली. तिथून जे नाव खराब झालं ते झालंच, पुढे सिलिकॉन ट्रान्झिस्टर आले, डिझाइन सुधारलं, तरी लोकांच्या डोक्यातून गेलं नाही. दुसरं कारण डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज फाटण्याचं. ट्यूब ओव्हरलोड होताना हळूहळू दबते, वेव्हची टोकं गोल होत जातात. ट्रान्झिस्टरच्या पॉवर अ‍ॅम्पमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा परत इनपुटला देऊन चूक सुधारणं) भरपूर असतो, त्यामुळे तो शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि सप्लायची मर्यादा आली की टोक सपाट कापून टाकतो. कानाला ते कर्कश लागतं. म्हणून जुन्या सॉलिड-स्टेटवरचा डिस्टॉर्शनचा नॉब हा बहुतेक वेळा हौसेचा भाग असतो, तो ऐकून खरेदी ठरवू नका. क्लीन आवाज आवडला तर घ्या, गेनसाठी, म्हणजे तशा फाटलेल्या आवाजासाठी, पायाने दाबायची पेडल आहेतच, आणि पेडल हे अ‍ॅम्प छान उचलतात कारण ते स्वतः लुडबुड करत नाहीत.

याला अपवाद आहेत, आणि चांगले अपवाद आहेत. पँटेरा या मेटल बँडच्या डायमबॅग डॅरेलचा आवाज रँडलच्या सॉलिड-स्टेट हेडमधून (स्पीकर वेगळा असलेला अ‍ॅम्प) यायचा, तिथे तो कापल्यासारखा कर्कशपणाच हवा होता. क्लीनच्या बाजूला तर यादी मोठी आहे. रोलंडचा जेसी-१२० हा १९७५ पासून आजपर्यंत बनतोय, आत ६०-६० वॅटचे दोन पॉवर अ‍ॅम्प आणि दोन १२ इंची स्पीकर, कोरस, म्हणजे अनेक गिटारी एकत्र वाजल्यासारखा इफेक्ट, लावला की एका स्पीकरमधून साधा सिग्नल आणि दुसऱ्यातून किंचित सूर हललेला, आणि दोघांची मिसळ खोलीतल्या हवेत होते, म्हणून तो कोरस पेडलमधून तसाच येत नाही. ब्लूजवाले बी.बी. किंग लॅब सिरीजचा एल-५ वापरायचे, जो सिंथेसायझरवाल्या मूगच्या लोकांनी डिझाइन केला होता. जॅझ गिटारवादक जो पास पॉलिटोनच्या अ‍ॅम्पवर वाजवायचे. जॅझ बेसवादक जाको पास्टोरियसचा बेस अकूस्टिक कंपनीच्या ३६० मधून. म्हणजे सॉलिड-स्टेट म्हणजे शिकाऊ माणसाचा अ‍ॅम्प, हे बोलणाऱ्याला खुशाल बोलू द्या.

बघायला जायच्या आधी फोनवरच एक प्रश्न विचारून टाका, शेवटचा कधी चालू केला होता? रोज वाजणारा अ‍ॅम्प आणि माळ्यावर दहा वर्षं पडलेला अ‍ॅम्प यात जमीन-अस्मानाचा फरक. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत ऑक्साइडचा एक पातळ थर असतो, तो व्होल्टेजवर टिकून राहतो, वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की कमजोर होतो. असा अ‍ॅम्प एकदम पूर्ण सप्लायवर लावला तर कपॅसिटर जाऊ शकतो, आणि विकणारा उत्साहाने 'थांबा, चालू करून दाखवतो' म्हणतो तेव्हाच ते होतं. अशा वेळी त्याला चालू करू नका म्हणून सांगा आणि 'बंद अ‍ॅम्प' च्या भावानेच बोला. टेक्निशियन असा अ‍ॅम्प पहिल्यांदा सिरीज बल्ब लावून चालू करतो, म्हणजे अ‍ॅम्पच्या वायरीत मध्ये एक जुना फिलामेंटचा बल्ब, बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बने करंट अडवून धरल्यामुळे पुढचं नुकसान टळतं. एलईडी बल्बने हे होत नाही.

जाताना स्वतःची गिटार न्या, एक खात्रीची केबल, एक छोटी पॅच केबल आणि मल्टीमीटर. पॅच केबल कशाला ते पुढे येतंच.

चालू करताना कान स्पीकरकडे आणि डोळे कोनवर. हलकासा ठप आवाज चालतो. मोठा धप्प येऊन कोन पुढे किंवा मागे जाऊन तिथेच राहिला तर लगेच बंद करा, वर सांगितलेला डीसीचा प्रकार आहे. सगळं शांत असेल तर गिटार न लावता सगळे व्हॉल्यूम शून्यावर ठेवून ऐका. व्हॉल्यूम शून्य असूनही जाड घरघर येत असेल तर संशय पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरवर. ५० हर्ट्झची वीज असेल तिथे ही घरघर १०० हर्ट्झची असते, ६० हर्ट्झ असेल तिथे १२०. व्हॉल्यूम वाढवल्यावरच घरघर वाढते आहे तर भानगड प्रीअ‍ॅम्पची किंवा अर्थिंगची, ती बऱ्याचदा स्वस्तात सुटते. थोडा हिस्स सगळ्याच जुन्या अ‍ॅम्पमध्ये असतो, त्याचं मनावर घेऊ नका. पण अधूनमधून पॉपकॉर्न फुटल्यासारखा चटचट आवाज येत असेल, काहीही न हलवता, तर एखादा ट्रान्झिस्टर किंवा आयसी आजारी आहे.

मग वाजवा, पण आधी अगदी हळू आवाजात. हे लोक करत नाहीत, सगळे पहिलं फुल करून बघतात. एक सूर छेडून तो विरेपर्यंत ऐका. विरताना शेवटी शेवटी आवाज फाटल्यासारखा, केसाळ होत असेल तर त्याला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात, वेव्हचा वरचा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो आणि खालचा दुसरा, आणि दोघांच्या हद्दीवर खड्डा पडलाय. मोठ्या आवाजात हे लपतं, हळू आवाजात उघडं पडतं. बायस, म्हणजे शांत असतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट, नीट केला तर कधी कधी जातं, कधी त्याच्या मागे ट्रान्झिस्टरच गेलेला निघतो. त्यानंतर खुशाल मोठ्याने वाजवा आणि अर्धा तास चालूच ठेवा, गप्पा मारा, चहा घ्या. थंड असताना गुणी वागणारे आणि तापल्यावर बंद पडणारे अ‍ॅम्प भरपूर असतात, सुटलेलं सोल्डर तापून प्रसरण पावलं की कनेक्शन जातं, ट्रान्झिस्टरखालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडू झालेली असते. अर्ध्या तासाने मागच्या हीटसिंकजवळ (उष्णता सोडणारा धातूचा ठोकळा) हात नेऊन बघा, कोमट किंवा गरम ठीक, पण नुसता चालू ठेवलाय, वाजवत पण नाही आणि तरी हात ठेववत नाही असं असेल तर बायस बिघडलाय. चालू असतानाच वरून कॅबिनेटवर मुठीने दोन-चार ठोसे द्या, जॅक हलवून बघा. आवाज गेला-आला तर कुठेतरी सोल्डरचा डाग सुटलाय, जिथे पॉट (नॉबमागचा पार्ट) आणि जॅक थेट बोर्डवर बसवलेले असतात तिथे हे हमखास.

नॉब फिरवताना खरखर आली तर घाबरायचं कारण नाही, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-तीस वेळा फिरवला की बहुतेक वेळा जाते. साफ करूनही एखाद्याच नॉबची खरखर गेली नाही तर त्याच्या मागचा कपॅसिटर डीसी गळतोय, तोही स्वस्त पार्ट आहे. विकणाऱ्यासमोर मात्र खरखर ऐकून थोडं तोंड वाकडं करायला हरकत नाही.

आणि आता ती पॅच केबल. खूप अ‍ॅम्प 'आवाज मधेच जातो, मधेच येतो, जोरात वाजवलं की परत येतो' या तक्रारीवर निम्म्या भावात विकले जातात. मागे इफेक्ट्स लूप, म्हणजे मध्ये पेडल जोडायची सोय, असेल तर तिथे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असतात, काही लावलेलं नसताना सिग्नल रिटर्न जॅकमधल्या एका छोट्या पत्र्याच्या स्विचमधून पुढे जातो. तो पत्रा वीस-तीस वर्षं कुणी हात लावलेला नसतो, काळा पडतो, सिग्नल अडतो. सेंड आणि रिटर्न यांना पॅच केबलने जोडा. आवाज व्यवस्थित झाला तर रोग सापडला, जॅक साफ केला की अ‍ॅम्प बरा. हेडफोन जॅकचंही तसंच, बऱ्याच कॉम्बोमध्ये (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) स्पीकरचं कनेक्शन हेडफोनच्या जॅकमधून फिरून जातं. ही एकच युक्ती माहीत असलेला माणूस चांगले चांगले अ‍ॅम्प मातीमोल भावात घेऊन जातो आणि कुणाला सांगत नाही.

स्प्रिंग रिव्हर्ब, म्हणजे टँक नावाच्या डबीतल्या स्प्रिंगांनी आवाज घुमवण्याची सोय, असेल तर वाढवून अ‍ॅम्प हलकेच हलवा, आतून गडगडाट आला म्हणजे टँकची आउटपुटची बाजू जिवंत आहे. गडगडाट येतो पण गिटारवर रिव्हर्ब येत नाही, तर बिघाड टँकला सिग्नल पाठवणाऱ्या बाजूला. टँकमधल्या तारा केसाएवढ्या असतात, तुटतात, बदली टँक मिळतो पण दिसायला सारखा म्हणून कुठलाही आणून बसवायचा नाही, त्यावरचा कोड इनपुट आणि आउटपुटचा इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध) सांगतो, तो जुळलाच पाहिजे.

स्पीकरसाठी अ‍ॅम्प बंद करा, दोन्ही हातांची बोटं कोनच्या मध्यभागाभोवती ठेवून अलगद सरळ आत दाबा. खसखस घासल्यासारखं लागलं तर कॉइल घासतेय. मल्टीमीटरने मोजायचं तर स्पीकरची एक वायर सोडवून मोजा, ८ ओहमचा स्पीकर मीटरवर सहा-सात ओहम दाखवतो, ते बरोबरच आहे. वायर परत लावल्यावर अ‍ॅम्प चालू करून, गिटार न लावता, मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांवर लावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान, शंभरच्या वर असेल तर दुखणं सुरू झालंय, आणि व्होल्टमध्ये आकडा दिसला तर ताबडतोब बंद. चॅसी, म्हणजे आतल्या सर्किटचा धातूचा सांगाडा, मात्र स्वतः उघडू नका, त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही चार्ज राहतो आणि मेन्सची, म्हणजे घरच्या विजेची, बाजू तर जीवघेणीच. फ्यूज बाहेरून निघत असेल तर प्लग काढून तो तेवढा बघा, वर लिहिलेल्या आकड्यापेक्षा मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद गुंडाळलेला दिसला तर आधीच्या मालकाने काय काय केलं असेल याचा अंदाज येतो.

जाता जाता स्पीकरच्या मागचा शिक्का वाचा, अमेरिकन स्पीकरवर कंपनीचा कोड, मग वर्ष, मग आठवडा असा नंबर असतो. ६७ म्हणजे एमिनन्स, २२० जेन्सन, १३७ सीटीएस. ६७-८१२४ असेल तर एमिनन्सचा, १९८१ च्या चोविसाव्या आठवड्यातला. विकणारा सांगतोय १९७६ चा अ‍ॅम्प आणि 'सगळं ओरिजिनल', तर मग झालं, स्पीकर नंतरचा आहे.

वॅटच्या आकड्यालाही फार भुलू नका. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे जोडणीचं टोक, बदलून ४ किंवा ८ ओहमवर तेवढीच पॉवर मिळते, इथे तसं नाही, ४ ओहमवर १०० वॅट देणारा ८ ओहमवर ६०-६५ च देईल. कानाला हा फरक जेमतेम दोन डेसिबलचा. महत्त्वाचं हे की मागे लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली जायचं नाही. किमान ८ लिहिलेल्याला ८-८ चे दोन कॅबिनेट समांतर लावले की ४ ओहम झाले आणि ट्रान्झिस्टरवर भार दुप्पट. ट्यूबवाल्याला स्पीकर न लावता चालवायची भीती, सॉलिड-स्टेटवाल्याला उलट, स्पीकर नसला तरी सहसा चालतं, शॉर्ट चालत नाही.

आता पार्ट. इथेच खरा निर्णय होतो. आत सुटे ट्रान्झिस्टर, साधे रेझिस्टर आणि ४५५८ किंवा टीएल०७२ सारखे ऑपअँप (सिग्नल मोठा करणारे छोटे आयसी) असतील तर असा अ‍ॅम्प जवळपास अमर आहे, हे पार्ट आजही बनतात. टूएन३०५५ सारखे धातूच्या टोपीतले पॉवर ट्रान्झिस्टरही मिळतात, फक्त नकली खूप फिरतात, त्यामुळे ओळखीच्या विक्रेत्याकडूनच. याउलट पूर्ण पॉवर अ‍ॅम्प एकाच ठोकळ्यात असलेले सान्योचे एसटीके मॉड्यूल बंद झालेत, बाजारात मिळतात त्यातले किती खरे ते देव जाणे. कोरस आणि अ‍ॅनालॉग डिलेमधल्या जुन्या एमएन सिरीजच्या बीबीडी (सिग्नल उशिरा सोडणाऱ्या) चिप्सचंही तसंच, काहींच्या नव्या नकला निघतात, सगळ्यांच्या नाही. आणि काही कंपन्यांनी गुपित राखायला सर्किट इपॉक्सीत बुडवून टाकलंय, ते गेलं की गेलंच. म्हणून बघायला जायच्या आधी मॉडेलचा सर्किट डायग्राम शोधा आणि नसेल समजत तर टेक्निशियनला दाखवा. डायग्राम मिळतो, त्यात सुटे पार्ट आहेत आणि कंपनीने तो हजारोंनी बनवला होता, जसा पीव्हीचा बँडिट, तर तो दुर्मिळ नावाच्या सुंदर अ‍ॅम्पपेक्षा मी आधी उचलेन. नाव दुर्मिळ असलं की पार्टही दुर्मिळ असतात.

एक राहिलं, व्होल्टेज. जपानमधला अ‍ॅम्प १०० व्होल्टचा असू शकतो, अमेरिकेतला १२० चा, आणि २३० वर लावला तर तिथल्या तिथे संपला. मागची प्लेट वाचा, मागे सिलेक्टर आहे का बघा, नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च आणि वजन धरा, तोही अ‍ॅम्पच्या वॅटपेक्षा चांगला मोठा, शिवाय ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर थोडा जास्त तापतो. आणि दोनच पिनांचा प्लग असलेल्या जुन्या अमेरिकन अ‍ॅम्पमध्ये मेन्स आणि चॅसी यांच्यामध्ये बऱ्याचदा एक कपॅसिटर असतो, तो शॉर्ट झाला तर करंट चॅसीतून गिटारच्या तारांवर आणि तुमच्या हातात, मायक्रोफोनला ओठ लागला की झटका. असा अ‍ॅम्प घेतला तर वाजवायच्या आधी तो कपॅसिटर काढून तीन पिनांची अर्थिंगवाली वायर बसवून घ्यायची, 'ओरिजिनल' राहावा म्हणून तसाच ठेवणाऱ्यांचं मला कळत नाही.

भाव करताना खरखर, फाटलेलं कव्हर, रिव्हर्ब बंद, आवाज येणं-जाणं, फूटस्विच हरवलेला, हे सगळं दाखवा आणि भाव कमी करून घ्या. फिल्टर कपॅसिटर चाळीस वर्षांचे असतील तर ते बदलायचा खर्च किमतीतच धरा, ते आज चालतायत म्हणून सोडू नका. जळका वास, ट्रान्सफॉर्मरचा डांबरासारखा वितळलेला थर, स्पीकरवर डीसी, आणि न मिळणारा मॉड्यूल, यातलं काही दिसलं तर फक्त कॅबिनेट आणि स्पीकरची किंमत सांगा. नाही म्हणाला तर नाही. घेतलाच तर घरी नेताना रिव्हर्ब टँक खाली येईल असा उभा ठेवा, आणि थंडीतून गरम खोलीत आणला असेल तर आतली दमट वाफ सुकेपर्यंत दोन तास प्लग लावू नका.